पोलंड सावरलं, युक्रेन का अडकलं? साम्यवादानंतरच्या अर्थव्यवस्थांवरचं संशोधन

निशिगंध (धागाकर्ती)

१९९० च्या सुमारास पोलंड आणि युक्रेन यांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. २०१३ पर्यंत पोलंड अडीच-तीन पट पुढे गेलेलं होतं. म्हणजे क्रिमिया, डोनबास, २०२२ चं युद्ध हे सगळं घडायच्या आधीच. सीमेला सीमा लागलेले, सारख्या जमिनीचे, शिकलेल्या माणसांचे हे दोन देश. पंचवीस वर्षांत एवढी दरी कशी पडली?

मी अर्थशास्त्र शिकवते. पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय 'शॉक थेरपी विरुद्ध टप्प्याटप्प्याने सुधारणा' अशा एका मथळ्याखाली उरकला जातो आणि मुलं दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे पाठ करून मोकळी होतात. मला ते फार खुपतं. पस्तीस वर्षं जगभरचे अभ्यासक या देशांवर काम करताहेत आणि त्यातून जे निघालं ते या मथळ्यापेक्षा खूपच खोल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. 'वेगाने की सावकाश' हा प्रश्नच अपुरा आहे, कारण वेग एक नव्हता, निदान तीन होते. भाव मोकळे करण्याचा, म्हणजे सरकारने ते ठरवून देणं थांबवण्याचा वेग, सरकारी कारखान्यांना मिळणारा आयता पैसा बंद करण्याचा वेग आणि मालकी बदलण्याचा वेग. पोलंडने पहिल्या दोन गोष्टी झटक्यात केल्या आणि तिसरी अगदी रेंगाळत. रशियाने तिसरी धडाक्यात केली आणि दुसरी वर्षानुवर्षं केलीच नाही. युक्रेनने सुरुवातीची तीन वर्षं तिन्ही लटकत ठेवल्या. नुकसान झालं ते त्या लटकत्या अवस्थेत.

पोलंडचं बघा. अर्थमंत्री लेशेक बाल्तसेरोविच यांचा कार्यक्रम १ जानेवारी १९९० ला लागू झाला. त्या एका महिन्यात भाव सुमारे ८० टक्क्यांनी वाढले. झ्लॉटी या पोलिश चलनाचा दर डॉलरला ९,५०० असा बांधून टाकला आणि तो मे १९९१ पर्यंत टिकला. सरकारी कारखान्यांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पगारवाढ दिली तर त्या वाढीवर दंडात्मक कर होता, कमाल दर ५०० टक्के. म्हणजे शंभर झ्लॉटी जास्त वाटले तर पाचशे सरकारला भरायचे. कामगार संघटनेच्या जोरावर सत्तेत आलेल्या सरकारने हे केलं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पण मोठे कारखाने? ते बराच काळ सरकारचेच राहिले. मोठ्या प्रमाणावरच्या खाजगीकरणाची योजना प्रत्यक्षात यायला १९९५ उजाडलं आणि तीही ५१२ कारखान्यांपुरती. इथे एक अभ्यास फार मोलाचा आहे. ब्रायन पिंटो, मारेक बेल्का आणि स्टीफन क्रायेव्हस्की यांनी १९९३ मध्ये पोलंडचे ७५ मोठे कारखाने तपासले. (हेच बेल्का पुढे २००४ मध्ये पंतप्रधान झाले.) त्यांना दिसलं की मालकी सरकारी असूनही अनेक व्यवस्थापकांनी खर्च कापला, खपणारा माल काढला, गिऱ्हाईक शोधलं. बँका नवं कर्ज देत नव्हत्या, सरकार तूट भरून देत नव्हतं, दुसरा रस्ताच उरला नव्हता.

आता युक्रेन. १९९३ मध्ये तिथली महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली. त्याच वर्षी सरकारी कर्ज मिळत होतं सालाना २० टक्के व्याजाने! ज्याला ते कर्ज मिळालं त्याला वर्षअखेरीस जवळजवळ काहीच परत करायचं नव्हतं. उरलेल्या जनतेच्या बचतीतून ती भेट दिली जात होती. सुधारणांना सुरुवात झाली १९९४ च्या अखेरीस, लिओनिद कुचमा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर. उत्पादन मात्र १९९९ पर्यंत घसरतच राहिलं. अधिकृत आकड्यांनुसार १९९० च्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास घट.

जोएल हेलमन या राज्यशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये एक निबंध लिहिला आणि या चर्चेची दिशाच बदलली. तोवर सगळे धरून चालले होते की सुधारणा अडवतील ते हरणारे: बेकार झालेले कामगार, पेन्शनर. म्हणून सरकारांना सल्ला काय, तर लोक भानावर यायच्या आत सगळं करून टाका. हेलमनने दाखवलं की सुधारणा अडवल्या त्या सुरुवातीला जिंकलेल्यांनी. समजा, देशात तेलाचा भाव जागतिक भावाच्या काही टक्के आणि निर्यातीचा परवाना माझ्या हातात, तर ही विसंगती टिकावी यासाठी मी जिवाचं रान करीन. मला मागे जायचं नाही, पुढेही जायचं नाही. अर्धवट उघड्या दारातच माझं दुकान आहे.

आणि म्हणूनच, ज्या देशांत निवडणुकीने सरकारं लवकर लवकर बदलली, तिथे सुधारणा जास्त टिकल्या, कारण अशा जिंकलेल्यांना सत्तेवर पकड बसवायला वेळच मिळाला नाही. पोलंडमध्ये १९९० च्या दशकात सरकारं सारखी पडत होती. १९९३ मध्ये तर जुने कम्युनिस्टच नव्या नावाने निवडून आले, तरी त्यांनी गाडी उलटी फिरवली नाही.

अजून बरंच आहे, प्रतिसादांत बोलू.

---

कोकणकडा

वाचनखूण साठवली. एक प्राथमिक शंका. भाव मोकळे झाले तर उत्पादन वाढायला हवं ना? मग पोलंडसकट सगळीकडे आधी ते कोसळलं का?

---

निशिगंध

कोकणकडा, हाच प्रश्न तेव्हा भल्याभल्यांना पडला होता. पोलंडमध्येही १९९० आणि ९१ मिळून अधिकृत घट १५ टक्क्यांहून जास्त होती. हंगेरीचे यानोश कोर्नाई यांनी त्याला नेहमीच्या मंदीपासून वेगळं काढलं: टंचाईची अर्थव्यवस्था मागणीची अर्थव्यवस्था होताना येणारी मंदी. काल विकणारा राजा होता, आज घेणारा. काल जे काही बनेल ते खपत होतं, आज ते गोदामात पडून.

पण मला सर्वात पटलेलं उत्तर ऑलिव्हिए ब्लँचार्ड आणि मायकेल क्रेमर यांचं, १९९७ चं. ट्रॅक्टरचा कारखाना घ्या. नियोजनात त्याला गिअर देणारा एक, काच देणारा एक, रबर देणारा एक. दुसरा पुरवठादार मुळातच नाही, कारण नियोजन मंडळाला एकाच जागी मोठा कारखाना सोयीचा वाटे. उद्या मंडळ गेलं. रबरवाल्याला बाहेरचा कुणी थोडा जास्त भाव देतो, तो तिकडे वळतो. त्याला बाहेर नेमका किती भाव मिळतोय हे ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक नाही, त्यामुळे घासाघीस फिसकटते. एक दुवा तुटला की ट्रॅक्टर नाही आणि बाकी सगळ्यांचा माल पडून. सगळी साखळी टिकवणं सर्वांच्याच फायद्याचं होतं, पण ती टिकवणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी आकडे तपासले तेव्हा ज्या मालाला जास्त प्रकारचे सुटे भाग लागतात त्याचं उत्पादन जास्त घसरलेलं आढळलं.

त्यात भर म्हणून १९९१ मध्ये सोव्हिएत संघाभोवतीच्या पूर्व गटाची आपापसातली व्यापारव्यवस्था कोलमडली. आधी रूबलच्या हिशोबात चालणारे व्यवहार एकदम डॉलरमध्ये आले.

---

होजिअरीवाला

त्या शेवटच्या वाक्याची झळ आपल्याकडेही बसली होती. भारत-सोव्हिएत व्यापार रुपयात चालायचा. चहा, औषधं, होजिअरी, चामड्याच्या वस्तू असं बरंच काही तिकडे जायचं. माझे सासरे मुंबईत निर्यातीचं काम बघायचे. ९१ च्या उत्तरार्धात ऑर्डरी होत्या, पण पैसे कोण देणार याचं उत्तर नव्हतं. माल घेणारी सरकारी कंपनी मॉस्कोत होती आणि ज्या देशाची ती होती तो देशच डिसेंबरात संपला. भारतावरच्या जुन्या रुपया-रूबल कर्जाचा निकाल १९९३ च्या जानेवारीत रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा लागला.

---

व्होल्गाकाठी

मी तेव्हा तिथे होतो. व्होल्गोग्राडला वैद्यकीय शिक्षण घेत होतो. २ जानेवारी १९९२ ला येल्त्सिन सरकारातले सुधारणांचे सूत्रधार येगोर गायदार यांनी भाव मोकळे केले. डिसेंबरात दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. अक्षरशः मिठाच्या पुड्या आणि लोणच्याच्या बरण्या. जानेवारीत हळूहळू सॉसेज, लोणी, चीज दिसायला लागलं आणि आमच्या घरमालकीणबाई काचेपलीकडून फक्त भाव वाचून परत यायच्या. नर्स म्हणून आयुष्यभर काम करून त्यांनी बँकेत बचत ठेवली होती, गाडी घ्यायची म्हणून. त्या वर्षी महागाई २,५०० टक्के झाली. वर्ष संपेपर्यंत त्या बचतीत हिवाळ्याचे बूट आले असते, तेही एका पायाचे म्हणावेत.

जानेवारीच्या शेवटी येल्त्सिन यांनी फर्मान काढलं की कुणीही कुठेही काहीही विकू शकतो. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनबाहेर म्हाताऱ्या बायकांची रांग. हातात एक पुलोव्हर, दोन सिगारेटची पाकिटं, एक दुधाची बाटली. उणे पंधरात तासन्‌तास उभ्या. धाग्यात 'भाव मोकळे करण्याचा वेग' असं लिहिलंय. बरोबरच असेल. पण त्या रांगेत उभं राहिलेल्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे इथे नोंदवलं जावं.

---

निशिगंध

व्होल्गाकाठी, मनापासून आभार. हे नोंदवलं गेलंच पाहिजे. बचत बुडाली त्याचं मूळ मात्र आधीच्या वर्षांत होतं. लोकांच्या खात्यात पैसा साठत होता आणि दुकानात माल नव्हता, म्हणजे तो पैसा आधीच पोकळ झालेला होता. पोलंडमध्येही १९९० ची सरासरी महागाई ५८५ टक्के होती. फरक पुढच्या वर्षांत पडला. पोलंडने नोटा छापणं आवरलं, रशियाची मध्यवर्ती बँक १९९२ च्या उन्हाळ्यापासून कारखान्यांना पुन्हा कर्जं ओतायला लागली. त्यामुळे रशियन जनतेला घाव एकदा नाही, वर्षानुवर्षं सोसावा लागला.

---

उसाचा_फड

सरकारी कारखान्यांना आयता पैसा, तूट भरून देणारं सरकार, बुडणार नाही याची खात्री... हे वाचताना आमच्याकडचे साखर कारखाने डोळ्यांसमोर आले. राज्य सरकारची थकहमी, त्यावर कर्ज, कर्ज थकलं की पुनर्गठन, निवडणूक आली की नवी थकहमी. संशोधनात याचा विचार झालाय का?

---

निशिगंध

झालाय, आणि त्याचा पायाच कोर्नाई यांनी घातला. 'सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट' ही त्यांची संकल्पना. हंगेरीतल्या सरकारी कारखान्यांकडे बघून त्यांनी ती १९७० च्या दशकाच्या शेवटी मांडली. मुद्दा तोट्याचा नाही. तोटा कुणालाही होतो. मुद्दा हा की व्यवस्थापकाला आधीच माहीत असतं की कुणीतरी वाचवायला येणारच. मग तो खर्चाकडे बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघत नाही, तो बघतो मंत्रालयाकडे. थकहमीवर चालणाऱ्या कारखान्याला हे तंतोतंत लागू पडतं. म्हणूनच नुसती मालकी बदलून भागत नाही. रशियात खाजगी झालेले कारखानेसुद्धा वीजबिल, गॅसबिल, कर थकवून जगत राहिले. ते थकवू देणं हीच नवी सबसिडी होती.

---

रेषेपलीकडे

त्याच काळातली वस्तुविनिमयाची गोष्ट सांगायला हवी. १९९८ पर्यंत रशियन उद्योगांची निम्मी विक्री रोख पैशाशिवाय होत होती. क्लिफर्ड गॅडी आणि बॅरी इक्स या दोघांनी यालाच आभासी अर्थव्यवस्था म्हटलं. कारखाना कागदावर शंभराचा माल दाखवतो, खरी किंमत साठ. तो वीजकंपनीला बिलापोटी शंभराच्या भावाने देतो, वीजकंपनी तोच कराच्या बदल्यात सरकारला. साखळीतल्या सगळ्यांना ठाऊक की माल साठचा आहे, पण शंभर म्हणण्यात सगळ्यांची सोय. पगारही मालात. गुस-ख्रुस्ताल्नी या काचेच्या गावात कामगारांना पगार म्हणून क्रिस्टलचे ग्लास आणि फुलदाण्या मिळायच्या आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना विकत उभे राहायचे.

---

तिरकीरेघ

चर्चा छान आहे, पण माणसं मेली त्याचं काय? रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८७ मध्ये ६५ च्या आसपास होतं, ते १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आलं. युद्ध नाही, दुष्काळ नाही, तरी सात वर्षं कमी. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड स्टकलर आणि सहकाऱ्यांनी थेट दाखवलं की ज्या देशांनी झपाट्याने मोठं खाजगीकरण केलं तिथे मृत्यूदर जास्त वाढले. बाल्तसेरोविच यांचं कौतुक करताना हा हिशोब कुठे धरता?

---

निशिगंध

तिरकीरेघ, हा हिशोब धरलाच पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्टकलर यांच्या लेखावर लगेच गंभीर आक्षेप आले. २०१० मध्ये जॉन अर्ल आणि स्कॉट गेलबाक यांनी त्याच नियतकालिकात दाखवलं की मोजणीत आणि गृहीतकांत थोडा वाजवी बदल केला तरी तो संबंध टिकत नाही. दुसरा धागा दारूचा. गोर्बाचेव यांनी १९८५ मध्ये दारूविरोधी मोहीम काढली, त्या काळात मृत्यू कमी झाले आणि मोहीम ढिली पडल्यावर वाढले. भट्टाचार्य, गाथमन आणि मिलर यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार नव्वदच्या सुरुवातीच्या वाढीचा मोठा वाटा याच कारणाने समजतो. मोहिमेमुळे जे मृत्यू पुढे ढकलले गेले होते ते नंतर एकदम आले, आणि दारू अतिस्वस्त झाली.

तरी मला दारूवर सगळं ढकलणं मान्य नाही. एलिझाबेथ ब्रेनर्ड आणि डेव्हिड कटलर यांनी २००५ मध्ये दारूबरोबरच मानसिक ताणालाही मोठं कारण मानलं. पगार नाही, काम राहील की नाही माहीत नाही, ज्या देशासाठी राबलो तो देशच नाही. पंचेचाळिशीतल्या पुरुषांवर त्याचा आघात सर्वात जास्त झाला.

आणि पोलंड? तिथे १९९१ नंतर हृदयविकाराचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. विटोल्ड झातोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याचं कारण आहारात शोधलं. लोणी आणि चरबीवरची सबसिडी गेली, लोक वनस्पती तेलाकडे वळले, हिवाळ्यातही आयात केलेली फळं मिळायला लागली. तेच स्थित्यंतर, त्याच वर्षांत, एका देशात माणसं जास्त जगायला लागली आणि दुसऱ्यात कमी. म्हणून 'भांडवलशाहीने मारलं' हेही पुरत नाही आणि 'सुधारणांनी तारलं' हेही.

---

वावरवाडी

पोलंडमध्ये सगळे तरले असंही नाही. नोकरीनिमित्त व्रोत्सवाफला राहतो. माझे एक वरिष्ठ सहकारी उत्तरेकडच्या सरकारी शेतांच्या गावचे. ती शेतं १९९१ च्या कायद्याने मोडीत काढली. घरं शेतांची, दवाखाना शेतांचा, बस शेतांची. सगळं एका झटक्यात गेलं. बेकारी देशभरात १६ टक्क्यांपर्यंत गेली तेव्हा त्या भागात त्याहून कितीतरी जास्त होती. त्यांच्या वडिलांना पुन्हा कायमची नोकरी मिळाली नाही.

त्याच वेळी त्यांच्या मामांनी शहरात लोखंडी पत्र्याचं घडीचं दुकान टाकलं. सकाळी दोन्ही पाखं उघडली की काउंटर, रात्री मिटली की कुलूप. बर्लिनहून आणलेले मोजे, कॅसेटी, शाम्पू. अशी हजारो दुकानं रस्त्यावर होती. वॉर्सातलं एक जुनं स्टेडियम तर अख्खं बाजारच झालं होतं, आज त्याच जागी राष्ट्रीय स्टेडियम आहे. मामांचं आता घाऊक मालाचं गोदाम आहे.

---

निशिगंध

वावरवाडी, तुमच्या सहकाऱ्यांच्या मामांसारख्यांनीच पोलंड तारलं, असं आकडे सांगतात. १९८८ च्या डिसेंबरात, म्हणजे कम्युनिस्ट सरकार असतानाच, कुणालाही धंदा काढायची मुभा देणारा कायदा झाला होता. नवी वाढ जुने कारखाने विकून आली नाही, नव्या छोट्या धंद्यांतून आली. कोर्नाई १९९० पासून हेच सांगत होते: जुन्या मालमत्तेचं वाटप करण्याची घाई नको, खालून उगवणाऱ्या धंद्यांना वाट द्या. १९९६ पर्यंत पोलंडने १९८९ ची पातळी ओलांडली. रशियाला त्यासाठी आणखी दहा वर्षं लागली.

---

सांजवेळ

मग खाजगीकरणाचा उपयोग झाला की नाही? चेक लोकांनी तर कूपनं वाटली होती ना?

---

निशिगंध

वाटली होती. तिथले नेते वाक्लाव क्लाउस यांच्या योजनेत हजार कोरुना भरून कूपनपुस्तिका घ्यायची आणि तिच्यावर कंपन्यांच्या शेअरसाठी बोली लावायची. विक्टर कोझेनी नावाच्या तरुणाने फंड काढून दसपट परताव्याची जाहिरात केली आणि लाखो लोकांनी आपली कूपनं त्याच्या हवाली केली. पुढे अशा फंडांतून आणि कंपन्यांतून आतल्या माणसांनी मालमत्ता हळूच बाहेर काढली. लहान भागधारकाला वाचवणारा कायदा नव्हता, शेअरबाजारावर देखरेख नव्हती. रशियात १९९२ मध्ये प्रत्येकाला दहा हजार रूबलचा कागद मिळाला. खाजगीकरणाचे प्रमुख अनातोली चुबाईस म्हणाले होते, याची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल. बहुतेकांनी तो किरकोळ पैशांत विकला. ज्याच्या हाती ससा तो पारधी: शेवटी कारखाने बहुतेक जुन्या संचालकांकडेच गेले. १९९५ मध्ये तर तेल आणि निकेलच्या कंपन्या सरकारला दिलेल्या कर्जापोटी मोजक्या बँकवाल्यांकडे गेल्या.

तुमच्या प्रश्नाचं सर्वात नेमकं उत्तर ब्राऊन, अर्ल आणि तेलेग्दी यांच्या २००६ च्या अभ्यासात आहे. चार देशांतले हजारो कारखाने, खाजगीकरणाआधी आणि नंतर. उत्पादकता रुमानियात सुमारे १५ टक्के वाढली, हंगेरीत ८, युक्रेनमध्ये २, आणि रशियात ३ टक्क्यांनी घटली. परदेशी मालक आला तिथे मात्र चारही देशांत मोठी वाढ. तोच उपाय, चार देशांत चार परिणाम. मालक कोण झाला आणि त्याला फसवणुकीपासून रोखणारं कोर्ट होतं का, यावर सगळं अवलंबून होतं.

---

लाइपझिगकर

पूर्व जर्मनी राहिला. तिथे कोर्ट होतं, कायदा होता, पैसा होता. तरी १ जुलै १९९० ला पगार एकास एक दराने पश्चिमेच्या मार्कात बदलले आणि कारखान्यांचा उत्पादनखर्च रातोरात आवाक्याबाहेर गेला. पूर्वेकडचे गिऱ्हाईकही संपले. ट्रॉयहांड या, सरकारी कारखाने विकण्यासाठीच्या संस्थेकडे सुरुवातीला चाळीस लाख कामगारांचे कारखाने होते. १९९४ अखेर ती बंद झाली तेव्हा तोटा दोनशे अब्ज मार्कांहून जास्त. तिचे प्रमुख रोहवेडर यांचा १ एप्रिल १९९१ ला खून झाला. जॉर्ज अॅकरलॉफ, जॅनेट येलेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच सुचवलं होतं की बेकारभत्ता देण्यापेक्षा पगारावर सबसिडी द्या. कुणी ऐकलं नाही. माझ्या ऑफिसातल्या साठीच्या बाई आजही 'आम्हाला विकलं' असंच म्हणतात, आणि त्यांना चांगली पेन्शन आहे.

---

कोकणकडा

आणि चीन? त्यांनी तर सावकाश करून दाखवलं.

---

निशिगंध

चीनने नियोजनाचा कोटा जुन्या भावात चालू ठेवला आणि कोट्यावरचा माल बाजारभावाने विकू दिला. कुणाचंच आहे ते गेलं नाही. लाउ, च्येन आणि रोलाँ यांनी २००० मध्ये याची मांडणी सुरेख केली आहे. पण त्यासाठी कोटा वसूल करू शकणारं सरकार हवं. १९९१ मध्ये मॉस्कोचा हुकूम पुढच्या प्रांतातही चालत नव्हता. शिवाय १९७८ मध्ये चीनचे सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक शेतीत होते, त्यांना नव्या कारखान्यांत आणणं सोपं. रशियात शेतीवर जेमतेम सातवा हिस्सा. बाकीच्यांना जुन्या कारखान्यातून उठवून नव्यात न्यायचं होतं.

लाइपझिगकर, तुमच्या सहकारी बाईंच्या भावनेवरही काम झालंय. युरोपीय पुनर्रचना बँकेने २००६ पासून हजारो घरांत जाऊन सर्वेक्षणं केली. साम्यवादातून बाहेर पडलेल्या देशांतले लोक तेवढ्याच उत्पन्नाच्या इतर देशांतल्या लोकांपेक्षा जास्त असमाधानी होते. ही दरी २०१६ च्या फेरीत बुजताना दिसली. त्याच माहितीतून एक गोष्ट निघाली जी मी दरवर्षी वर्गात सांगते: स्थित्यंतराच्या अगदी सुरुवातीला जन्मलेली मुलं मोठेपणी सुमारे एक सेंटिमीटरने बुटकी भरली. उत्पन्नाच्या आकड्यांवर वाद घालता येतो, सोव्हिएत आकडे फुगवलेले होते, नवे धंदे नोंदीत नव्हते, हे सगळं खरं. उंची मात्र कुणी फुगवलेली नाही.

---

सांजवेळ

जॉर्जियावर लिहाल का? तिथे सगळे वाहतूक पोलीस एकदम काढून टाकले होते ना?

---

निशिगंध

हो. त्याला वेगळा धागा लागेल, कारण तिथे खाजगीकरणापेक्षा लाचखोरीचा प्रश्न मध्यभागी आहे. परीक्षा संपल्या की काढते. तोवर कुणी बाल्टिक देशांत राहिलं असेल तर इथेच लिहा, एस्टोनियावर या धाग्यात एक ओळही आलेली नाही.